धरायला एक माणूस

प्रिय धाकट्या,

तुझ्या एका रोपाची किंमत कोर्टाने नेमलेल्या साहेबांनी ठरवली: पिशवी, माती, खत आणि बाजारभाव. मीही माझ्यापुरती मांडून पाहिली. टेकडीवरच्या उरलेल्या चार झाडांखाली वाकून गोळा केलेलं बी, त्या उतारावर मुरगळलेला आणि अजून नीट न वाकणारा तुझा गुडघा, पिशव्या भरून भरून तुझ्या बायकोच्या नखांत कायमची बसलेली माती. आणि ती चार झाडं मागच्या वणव्यात गेली. म्हणजे ज्याची भरपाई मागायची, ते आता कुठल्याच भावाने मिळत नाही. साहेब मात्र भला माणूस. त्याने वाहतुकीचा खर्चही धरला.

आपल्या गल्लीची विहीर आटायला लागली, तेव्हा सगळ्यांना एका करारात बसवायची अक्कल माझीच. पंप दुरुस्त करत करत स्वतःचं वर्कशॉप उभं केलेला माणूस मी, सरकारची वाट कशाला बघेन? पातळी मोजणारं यंत्र विहिरीत, प्रत्येकाच्या नळावर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, आणि पातळी उतरली की सगळ्यात जास्त पाणी ओढणारा आधी बंद. तो म्हणजे तुझी रोपवाटिका. तरी पहिली सही तूच केलीस. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, माणसाला मेहुणे असतात, यंत्राला नसतात, हे बरं. मी फुशारकीने सांगितलं, हा व्हॉल्व्ह माझ्या बापालाही हाताने उघडता यायचा नाही. त्यावर तू म्हणालास, दादा, बाप माझाही होता, त्याचं नाव जपून वापर. केवढे हसलो होतो सगळे.

मग त्या उन्हाच्या आठवड्यात तुझा नळ बंद पडला. तू धावत आलास, दादा काहीतरी कर म्हणालास. मी म्हणालो, करार म्हणजे करार; आणि वर, तुझ्यासाठी मोडला तर उद्या पाळणार कोण, असंही ऐकवलं. तू टँकर शोधायला गेलास. तो मिळेपर्यंत रोपं हात लावला की कागदासारखी चुरत होती. नंतर यंत्र वर काढलं, तर त्यावर गाळाचं बोटभर पुट. विहिरीत पाणी होतं.

तेव्हापासून दावा घेऊन हिंडतोयस. यंत्र बनवणारे म्हणतात, वेळच्या वेळी पुसा असं पत्रकात छापलंय. कोणी पुसायचं, ते आपल्या करारात लिहायचंच राहिलं. यंत्राचे आकडे व्हॉल्व्हपर्यंत पाठवणारी कंपनी म्हणते, आम्ही फक्त आकडे पाठवतो. शेजारी म्हणतात, आम्ही करार पाळला. आणि खरंच पाळला. मागच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून तुझ्या वकिलाला विचारलं, नक्की चुकलं कोण? त्याने पुढची तारीख मागितली. बाहेर जिन्यात तो मला म्हणाला, काका, कायद्याला धरायला एक माणूस लागतो हो, इथे माणूसच नाही. तू कठड्याला टेकून खाली बघत होतास. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

माणूस आहे. विहिरीचा पंप माझ्या वर्कशॉपच्या मागे आहे. पाणी खाली गेलं की तो हवा ओढतो, खरखरतो. मला ते झोपेतही कळतं. त्या आठवड्यात तो एकसुरात चालला होता. तुझा नळ बंद पडल्याच्या पहिल्याच सकाळी मी चहाचा कप घेऊन मागे उभा राहिलो, ऐकलं, पाणी आहे हे ओळखलं, आणि आत गेलो. तू यायच्या आधी. भावासाठी व्हॉल्व्ह उघडला असं कोणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. हे पत्र तुझ्या वकिलाला दे आणि दावा माझ्यावर लाव. वर्कशॉप माझ्या एकट्याच्या नावावर आहे. त्याने रोपं परत येणार नाहीत, टेकडी बोडकीच राहील, आणि तू माझ्याशी बोलशील असंही मला वाटत नाही. पण न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारलं, तर तुला एक नाव सांगता येईल. वकील विचारेल, हाताने उघडणं शक्य तरी होतं का. काल मी साधा पाना लावून पाहिला. दीड फेरीत उघडला.

तुझाच,
दादा