दहापैकी चार

प्रिय धर्मेंद्र,

आकांक्षा मजेत आहे. आजीच्या हातची पातोडी खाऊन खूश आहे. दिवाळीच्या सुट्टीत तू तिला अकोल्याला सोडलंस आणि नेहमीसारखा फाटकातूनच नांदगाव पेठेला परतलास. तुझ्या आईनं आणलेलं पाणी तसंच राहिलं.

पोरीचं इंग्रजी मात्र कच्चं. विशेषण कुठे लावावं अन् क्रियाविशेषण कुठे, पत्ताच नाही. मी म्हटलं, माणूस कसा ते विशेषण सांगते, काम कसं झालं ते क्रियाविशेषण. चौतीस वर्षं बाळापूरच्या शाळेत हेच सांगत आलो. तर म्हणते, आजोबा, मले दोन्ही सारखेच दिसून राहिले! हसलो मी. मग तिनं तू दिलेलं तुझं जुनं व्याकरणाचं पुस्तक काढलं. त्याच धड्यात घडी घातलेला एक कागद होता. तिनं विचारलं, हे लाल अक्षर तुमचंच ना?

माझंच. तू सातवीत अमरावतीच्या वसतिगृहात होतास. दर आठवड्याला इंग्रजीत पत्र लिहायचं, हा नेम मीच लावला होता. मी तपासून परत पाठवायचो. हे तुझं शेवटचं पत्र. त्यानंतर तू लिहिलं नाहीस आणि मी समजलो, पोरगं रमलं.

कालपासून मला काही वाटतच नाही रे. रडूही आलं नाही. जेवलो, बातम्या पाहिल्या, झाडांना पाणी घातलं.

तू लिहिलं होतंस, 'दे बीट मी व्हेरी बॅड.' मी 'बॅड' खोडून 'बॅडली' केलं. खाली 'टेक मी होम क्विक'. तिथं 'क्विकली'. दहापैकी चार गुण. तुझ्या आईनं तेव्हा विचारलं होतं, पोरगं काय म्हणते? मी म्हटलं, क्रियाविशेषणं कच्ची आहेत. आज सकाळी तिला ते पत्र मराठीत वाचून दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. रविवारी तू पोरीला न्यायला येशील. आत ये म्हणायला मला तोंड नाही. मीच फाटकाबाहेर येऊन उभा राहीन. तुले कोण मारत होतं रे, बाबू? पंचवीस वर्षांनी विचारून राहिलो. सांगशील?

तुझाच,
बाबा