ती बंदूक कोणासाठी घेतली होती

अप्पा, तुमच्या धाकट्या मुलाने गेल्या रविवारी लंडनजवळच्या पिनरला, स्वतःच्या घरी, जेवताना माझ्या नातीला जी हकीकत सांगितली ती बरोबर नाही. तो म्हणाला, "अप्पांनी मला नाताळची भेट म्हणून बर्मिंगहॅमहून ठासणीची बंदूक आणून दिली, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही शिकारीला गेलो." ती नाताळची भेट नव्हती. तुम्ही ती आणून दिली नव्हती. आपण तिघे ती घ्यायला गेलो होतो. आणि ती त्याच्या एकट्यासाठी घेतलेली नव्हती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की, आता साक्षीदार आम्ही दोघेच उरलो आहोत, आणि त्यांतला एक चुकीचे सांगतो.

विषय निघाला तो नातीमुळे. ती रीडिंगला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, सुट्टीच्या दिवशी एका शेतकऱ्याच्या रानात कबुतरांच्या शिकारीला जाते, आणि आता तिला नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची जुन्या पद्धतीची बंदूक हवी होती. शॉटगनचे सर्टिफिकेट तिच्याकडे आहे, काळ्या दारूचा परवानाही आला आहे. मात्र रीडिंगचे भाडे भरून जे उरते त्यात बसेल अशीच बंदूक तिला पाहायची होती. "तो बंदूक खूप हेवी असतो का?" असे तिने विचारले, आणि मी "ती बंदूक, असते" असे सांगितले. धाकट्याने नवी इटालियन दुनळी सुचवली. मी म्हणालो, "पहिली बंदूक एकनळीच असावी. दुनळीत नवखा माणूस गडबडीत एकाच नळीत दोनदा दारू भरतो. जुनी घे, स्वस्त पडेल. फक्त नळी आतून स्वच्छ हवी."

"दादा, तू तिचं व्याकरण बघ, बंदूक मी बघतो," धाकटा म्हणाला. ती खळखळून हसली.

अप्पा, बर्मिंगहॅमच्या त्या दुकानात बंदूक कोणी पाहिली होती? तुम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी करणारे, तुमच्या हाताखालून सुतभर चूक सुटत नसे, तरी तुम्ही मला म्हणालात, "दादा, तू बघ. तुझी नजर बारीक आहे." मी काउंटरवर वाकून पाहतो आहे: नळीखालचा परीक्षणाचा शिक्का स्पष्ट आहे का, घोडा अर्धा ओढल्यावर तिथेच थांबतो का, दस्त्याला बारीक तडा आहे का. गज नळीत सोडतो. एका बंदुकीत तो मऊ, बसका आवाज करतो. तळाशी घाण आहे. दुसरीचा घोडा निसटतो. तिसरीत गज खणकन वाजतो, आणि मी ती बंदूक तुमच्या हातांत देतो. तीच आपण घेतली. दोघा भावांसाठी घ्यायची असेच ठरले होते.

मग तुम्ही कोकणातल्या आपल्या मामांची रीत काढलीत. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नजर नळीवरून सरळ गेली, तर बंदूक तुमची. मी डोळे उघडले तेव्हा माझ्यासमोर नळी नव्हती, घोड्याची पाठ होती. धाकट्याने उघडले, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून भर दुकानात मराठीत ओरडलात, "बसली रे, बसली!" माझ्या कोणत्याही परीक्षेच्या निकालाला तुम्ही तसे ओरडला नव्हता. मी म्हणालो, "दस्ता थोडा कापून घेता येईल." तुम्ही म्हणालात, "चांगल्या लाकडाला करवत कशाला लावायची?" परतीच्या बसमध्ये बंदूक तुम्हा दोघांच्या मांड्यांवर आडवी होती, आणि तिघांचे कोट माझ्याकडे.

खंडेनवमीला कॉव्हेंट्रीच्या घरी तुमचा मायक्रोमीटर आणि कानशी पाटावर मांडल्या जात. त्या वर्षी मध्यभागी बंदूक होती. "पाणी नको रे, गंजेल. कोरडंच कुंकू लाव," असे तुम्ही धाकट्याला सांगितलेत. माझी आकडेमोडीची स्लाइड रूलही पाटावर होती. तिला मी माझे मीच कुंकू लावले.

त्यानंतर तुम्ही दोघे शिकारीला जात राहिलात. संध्याकाळी परत आलात की काळ्या दारूच्या काजळीने भरलेली नळी माझ्यापुढे येई, आणि मी स्वयंपाकघरात कढत पाण्याने ती धूत बसे. सडक्या अंड्यांसारखा वास घरभर पसरे. "तुझ्यासारखी नळी कोणी धूत नाही," तुम्ही म्हणायचात. ते कौतुक आहे असे मी समजत होतो, आणि ते होतेही. पण त्या बंदुकीचा एकही बार मी उडवला नाही, अप्पा, आणि उडवतोस का, असे तुम्ही कधी विचारले नाहीत.

काल आम्ही तिघे बंदूक घ्यायला गेलो. मी पाहिली, गज सोडला, दोन नाकारल्या, एक जुनी एकनळी निवडली. तिला परवडली. मग धाकटा तिच्यामागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मीट डोळे. लाव खांद्याला. आता उघड." तो तुमचा आवाज होता. तुमच्यासारखा नव्हे, तुमचा. मला तुमचे नाक मिळाले, आणि त्याला तो आवाज मिळाला.

"ओ माय गॉड, परफेक्ट!" ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "धाकटे आजोबा, शनिवारी फील्डवर शिकवाल ना?" मग माझ्याकडे पाहून, "आजोबा, तुम्ही पण या हं."

"माझा गुडघा दुखतो," मी म्हणालो.

"राहू दे गं," धाकटा म्हणाला. "दादा संध्याकाळी नळी धुवायला येईल." सगळे हसले. मीही हसलो.

हे पत्र मी धाकट्याला दाखवणार नाही आणि नातीलाही नाही. तरी तारखा नीट लिहून ठेवतो.

बंदूक घेतली: खंडेनवमीच्या आधीचा शनिवार. नाताळ नव्हे.

तिची पूजा: त्याच वर्षीची खंडेनवमी. धाकटा दसरा म्हणतो; तो दुसऱ्या दिवशी होता.

तुम्हा दोघांची पहिली शिकार: "दुसऱ्याच दिवशी" नव्हे, पूजेपूर्वी तुम्ही बार उडवू दिला नसता. नेमका दिवस मला ठाऊक नाही. धाकट्याला ठाऊक असेल. मी त्याला कधी विचारले नाही.

नातीचा पहिला बार: येता शनिवार, सकाळी. माझ्या गुडघ्याला काहीही झालेले नाही.