तीन बोटं खाली

आई,

परवा दादरच्या एका सभागृहात त्यांनी तुझा आवाज गोड करून मला ऐकवला. तुझ्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, त्याची तालीम चालली होती. तू गेल्यावर इतकी वर्षं कुणी तुझं नाव काढलं नव्हतं. मग यंदा एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला, की मुंबईत अमेरिकन 'सोल' संगीत गाणारी पहिली मराठी बाई गिरगावातली होती असं आम्हाला कळलंय आणि तुम्ही तिच्या कन्या आहात म्हणे. मी हो म्हटलं. कपाटातली तुझी एकुलती एक स्पूलची टेप त्यांच्या हवाली केली. परवा पहिल्या रांगेत मला बसवून त्यांनी ती लावली आणि स्पीकरमधून एक भलतीच बाई गायला लागली. पातळ, लाडिक, सतरा-अठरा वर्षांची वाटावी अशी. शब्द तुझेच होते, 'दार लोटून ठेव गं, मला उशीर होईल', पण आवाज असा की उशीर झाल्याबद्दल ती आधीच कान पकडून उभी आहे.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून आयुष्य काढलं. रागावून काम होत नाही, हे तिथे लवकर कळतं. अंक वेळेवर जायचा असतो. म्हणून मी शांतपणे विचारलं, "हे काय केलंत?"

साउंडवाला तिशीतला, कामाचा माणूस. तो उत्साहाने म्हणाला, "काकू, टेप जुनी होती ना, ड्रॅग होत होती. मशीन स्लो चाललेलं. बाईचा आवाज एवढा खाली कसा लागेल? पेटीवर बघितलं तर काळी दोन येत होती. काळी दोन म्हणजे पुरुषांची पट्टी. मग मी स्पीड वाढवला आणि काळी चारवर आणून ठेवलं. आता कसं बाईसारखं वाटतं."

बघ आई, त्याचं चुकलं कुठे? आपल्याकडच्या प्रत्येक गायन-वर्गात मुलगी आली की पेटीवाला न विचारता काळी चारवर बोट ठेवतो. तुझ्या मास्तरांनी ठेवलं होतंच की. तू सांगायचीस, मास्तर म्हणाले, मुलीच्या जातीने इतक्या खाली गाऊ नये, आवाज राकट होतो. तू फणसवाडीतल्या कारकुनाची मुलगी, चौदा वर्षांची. तू पेटी मिटलीस आणि घरी आलीस. ते मास्तर तुला पुन्हा दिसले नाहीत, म्हणजे दिसायचे रोज, चिराबाजारच्या वळणावर, पण तू बघायची नाहीस.

मला मात्र तू आठवतेस ती स्वयंपाकघरात. फोर्टातल्या कचेरीत दिवसभर टाइपरायटर बडवून तू येतेस, साडीचा पदर खोचतेस, स्टोव्हला पंप मारतेस. स्टोव्ह भरभरायला लागला की त्या आवाजाच्या आडोशाने तू गायला सुरुवात करतेस. आधी नुसतं हूं, मग तोंड उघडून. चाळीत कुणाला कळू नये म्हणून स्टोव्ह, असं मला वाटायचं. नंतर लक्षात आलं की तू स्टोव्हचा सूर धरायचीस. पंप कमीजास्त करून त्याला हव्या त्या जागी आणायचीस आणि मग त्यावर गायचीस. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "अगो, चहा करत्येस की रस्ता खणत्येस? तासभर झाला!" तू उत्तर द्यायचीस, "दूध उतू जाईपर्यंत गाते, काकू. अजून गेलेलं नाही." दूध स्टोव्हवर नसायचंच.

त्या तऱ्हेचं गाणं तुला धोबीतलावच्या पियानोवाल्या अंकलनी दिलं. तुझ्या कचेरीतल्या गॅदरिंगला ते वाजवायला आले होते. तू एक भावगीत म्हटलंस, तेही तुझ्या पट्टीत, आणि लोक खाली बघायला लागले. अंकलनी मात्र दुसऱ्या दिवशी तुला घरी बोलावून अमेरिकेतून आलेल्या तबकड्या ऐकवल्या. तिथल्या काळ्या बाया, चर्चमध्ये गाऊन गाऊन तयार झालेल्या, पोटातून ओढून काढल्यासारखं गाणाऱ्या. तू म्हणायचीस, "मी ऐकलं आणि मला हसूच आलं. मला वाटलं होतं मी एकटीच बिघडलेली आहे."

मग चर्चगेटच्या एका हॉटेलात, अंकलच्या बँडबरोबर, आठवड्यातून तीन संध्याकाळी तू उभी राहिलीस. नऊवारी नाही, झगा नाही, कचेरीचीच पाचवारी. लोक जेवत असायचे. तू पियानोकडे पाठ करून उभी राहायचीस आणि हात मागे घेऊन बोटं दाखवायचीस. ती बँडवाल्यांची खूण. बोटं वर केली तर एका बाजूच्या पट्ट्या, खाली केली तर दुसऱ्या. तीन बोटं खाली म्हणजे आपल्या पेटीवरची काळी दोन. तू नेहमी तीन खाली. पुढे पुढे तर घरातही चालायचं ते. पाहुणे बसलेले असताना तू मला लांबून तीन बोटं खाली दाखवलीस की अर्थ एवढाच, माझा सूर लागलाय, आता मध्ये बोलू नकोस.

बाबांना कुणी टोचलं की, वहिनी काय गातात हो हॉटेलात, तर ते चष्मा पुसत म्हणायचे, "मला कळत नाही. पण ज्या दिवशी ती गात नाही त्या दिवशी आमटी खारट होते." एवढ्यावर त्यांनी तुझा संसार सांभाळला.

आणि मग तू ते मराठीत आणलंस. ते कुणी केलं नव्हतं. दर वेळी गायला निघताना तू काकूंना सांगायचीस, दार लोटून ठेवा, मला उशीर होईल. जिन्याचं दार दहाला लागायचं आणि कडी काकूंच्या ताब्यात. त्याच वाक्याचं तू गाणं केलंस. तुझ्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओवीची चाल, त्याखाली अंकलचा पियानो, आणि मधे तुझा तो दगड सरकवल्यासारखा आवाज. रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला आला होता. मी शाळेला सुट्टी म्हणून तुझ्याबरोबर होते. त्याने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "छान आहे, बाई. फक्त जरा गोड करता येईल का?" तू पर्स उचललीस. "गोड हवं असेल तर रस्ता ओलांडा. समोर मिठाईवाला आहे." तो हसला. त्याला वाटलं, तू थट्टा करतेस. तबकडी निघाली नाही. अंकलनी आपल्या मशीनवर एका दुपारी हॉटेल रिकामं असताना ती टेप केली, बस, तेवढंच मागे राहिलं. पण तुझ्यानंतर ऑर्केस्ट्रात ज्या मुली तोंड भरून, खालच्या सुरात गायला लागल्या, त्यातल्या दोघी तरी त्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरून एका कोल्ड्रिंकवर अख्खी संध्याकाळ काढायच्या. मी बघितल्यात.

तर परवा. मी साउंडवाल्याला म्हटलं, "गाण्याच्या आधी बोलणं होतं, ते कुठे गेलं?"

"ते कट केलं, काकू. कचरा होता."

"मूळ टेप लाव. कचऱ्यासकट."

त्याने लावली. खरखर झाली, खुर्ची ओढल्याचा आवाज, मग अंकल, "किधर से, बाई?" आणि तू, स्वच्छ, "तीन नीचे. और भागना मत." मग पियानो, मग तू. तीन नीचे म्हणजे काळी दोन, मी सांगितलं. त्या पोराने पेटी ओढली, काळी दोन दाबली. सूर बोटभरही हलला नाही. मशीन स्लो नव्हतं. तू तशीच होतीस. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "सॉरी काकू. भागना मत म्हणतायत आणि मी पळवलं त्यांना."

तोवर मी रागावले नव्हते. चूक होती, दुरुस्त झाली. पण सचिव मला बाजूला घेऊन गेले. सज्जन गृहस्थ, बँकेतून निवृत्त, हळू बोलणारे. "ताई, झालं ते चुकून झालं, मान्य. पण एक सुचवू? तीच राहू दे. आपला श्रोता मराठी मध्यमवर्गीय. इतका जाड आवाज झेपणार नाही. शिवाय निवेदनात आम्ही जरा आध्यात्मिक अंगाने घेतलंय. दार म्हणजे मनाचं दार, उशीर म्हणजे जिवाला देवाकडे पोचायला झालेला उशीर."

"दार म्हणजे दार," मी म्हटलं. "फणसवाडीतलं, जिन्यापाशी, लाकडी. आणि उशीर हॉटेलात गाऊन परतायला व्हायचा."

"अहो पण आईंची प्रतिमा..."

"तिची प्रतिमा तिने स्वतः केली आहे. तुम्ही फक्त ती ऐकवायची. मघाशी चूक होती. आता तुम्हाला माहीत आहे, म्हणजे आता ही चूक नाही. उद्या काळी चार वाजली तर मी उठून उभी राहीन आणि सगळ्यांसमोर टेप परत मागेन."

"ताई, पासेस वाटून झालेत!"

"मग लोक बघायला असतीलच."

तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. लालबागची, तुझं गाणं स्टेजवर म्हणायला तिला बोलावलं होतं. गळ्यात ओढणी, हातात पाण्याची बाटली. "मावशी, एक सांगू? मी पण तिकडचीच. काळी दोनवाली. क्लासमध्ये चारला ढकलतात, घसा बसतो, आई म्हणते आलं खा." ती सचिवांकडे वळली. "सर, मी पण खालूनच गाणार हां. वर नाही जमणार उद्या. घसा बसलाय." घसा ठणठणीत होता तिचा. सचिवांनी दोघींकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बघा बुवा. उद्या लोक उठून गेले तर मला बोलू नका."

काल कार्यक्रम झाला. मी हिंदमाताला घेतलेली नवी साडी नेसून गेले, आणि बघते तर स्टेजवर फलक, 'गोड गळ्याच्या गायिकेस अभिवादन'. छापून आला होता आधीच, आता काय करणार, असं सचिव म्हणाले. मी म्हटलं, कागद आणि चिकटपट्टी आणा. जन्मभर मी हेच केलंय, लोकांचे मजकूर कापले, हजारो. पण पहिला शब्द झाकला, नुसतं 'गळ्याच्या गायिकेस अभिवादन' उरलं, आणि मला वाटलं, याहून चांगलं संपादन माझ्या हातून झालं नव्हतं.

टेप लागली. 'तीन नीचे. और भागना मत.' सभागृहात कुणीतरी हसलं. मग तू आलीस. दोन जोडपी खरंच उठून गेली, दरवाजा धाडकन लावून. मागे एक आजोबा बायकोला मोठ्याने विचारत होते, "पुरुष आहे का गं?" आणि ती म्हणाली, "गप्प बसा, ऐकू द्या." शेवटी टाळ्या आल्या त्या लगेच नाही आल्या. सचिव विंगेत उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग ती लालबागची मुलगी आली. पेटीवाल्याचं बोट सवयीने काळी चारवर गेलं. तिने हात मागे घेतला आणि तीन बोटं खाली केली. मीच दुपारी शिकवलं होतं. पेटीवाल्याला काही कळलं नाही, त्याने चार दाबली. ती थांबली. सगळ्यांसमोर मागे वळली आणि म्हणाली, "काका, खाली. अजून खाली. हां, तिथे." आणि गायली. मधे एकदा आवाज फाटला, एकदा ताल सुटला. पण कुणाची परवानगी घेत नव्हती.

आज सकाळी माटुंग्याच्या घरी मी एकटीच होते. चहा ठेवला. गॅसला आवाज नसतो, आई. आडोसा मिळत नाही. म्हणून मिक्सर लावायला हात गेला होता, पण लावला नाही. तुझं गाणं म्हणायचा प्रयत्न केला, काळी दोनवरून. गेलेच नाही तिथपर्यंत, नुसती हवा आली. मग आपोआप वर गेले आणि काळी चारला सूर लागला, सहज, जसा पहिल्यापासून लागतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी खालचं वाक्य तुला पाठवायला मी कचरले असते. शाळेत असताना मी एकदा प्रार्थना म्हणत होते. तू भाजी चिरत होतीस. सुरी थांबवून तू मला विचारलं होतंस, "कुणाची माफी मागतेयस गं? सरळ गा." मी पुन्हा तुझ्यासमोर कधी गायले नाही. परवा मी तुझ्यासाठी भांडले आणि पुन्हा भांडेन. पण त्या दिवशी मी कुणाची माफी मागत नव्हते, आई. माझा आवाजच गोड आहे.