पोतारलेली भिंत अन् कंटिन्युइटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या घरात शूटिंग! घनसावंगीहून दोन जीपा भरून मानसं आल्ते. सिनेमातल्या म्हातारीचं घर म्हनून आमचं घर घेतलंय. डायरेक्टर कल्याण सरांना अंगणातली पोपडे निघालेली भिंतच आवडली. आई म्हनली, "पडक्या भिंतीचं कसलं मेलं कौतुक."

मी दाराआडून बघितलं. "सायलेन्स" म्हनले की समदे गप. "रोलिंग." "अ‍ॅक्शन." केशरबाई म्हातारीचं काम करतात. मिनिटापूर्वी चिवडा खात गुडघेदुखीचं सांगून राह्यल्या होत्या. अ‍ॅक्शन म्हनलं अन् भिंतीला पाठ लावून खाली बसल्या — पोरगा मेलेली आई. एक शब्द न्हाई.

"कट" झाल्यावर — "चिवडा उरला का रे?"

५ फेब्रुवारी, बुधवार

नवीन शब्द — कंटिन्युइटी. दैवशालाताईंचं ते काम. वही घेऊन डायरेक्टरच्या बाजूला बसतात. सिनेमात सीन दोन मिनिटांचा, शूटिंग दोन-तीन दिवस चालतं. म्हनून काल तांब्या जिथं होता, आज तिथंच लागतो. पदर बी तसाच. न्हाईतर बघनाऱ्याला खोटं वाटतं.

आज त्या घमेल्याची जागा शोधून राह्यल्या होत्या. माझ्या तोंडातून निघून गेलं, "चुलीच्या डाव्या अंगाला. पालथं." त्यांनी फोटो बघितला. बराबर.

"कितवीला आहेस?"

"सोडली. आठवीत."

चारचौघांपुढं माझी जीभच रेटत न्हाई. पन कुठली वस्तू कुठं होती, ते मला आपोआप दिसतं. हे बी एक काम असतं, त्याचा पगार मिळतो, हे कोनी सांगितलंच नव्हतं! मला हेच करायचंय. पन विचारू कशी? शनिवारी तर जातील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. समदे राजूरला गणपतीला गेल्ते. इकडं आईनं भिंत पोतारली. पांढरी माती कालवून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. "उद्या शेवटचा दिवस. पाव्हण्यांनी काय म्हनावं?"

मी म्हनले, "नको गं आई." पन एवढं हळू, की मलाच ऐकू आलं न्हाई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कल्याण सर भिंतीकडं बघतच राह्यले. अर्धा सीन पोपड्यांपुढं झालाय, अर्धा आज होता. पहिल्यापासून करायला टाइम न्हाई, केशरबाईंचं उद्या नांदेडला नाटक. "सीनच उडवा," कोनी तरी म्हनलं. केशरबाई खाली बघत बसल्या. आई दारात. नखांत अजून पांढरी माती. "मला वाटलं, तुम्ही येनार म्हनून..." एवढंच म्हनली.

मी खुरपं घेतलं.

ओलं फडकं मारायचं, माती सैल करायची, खरवडायची. खुंटीखाली चार बोटं पोपडा. त्याच्या बाजूला पान्याचा वघळ, खाली बारीक होत गेलेला. दैवशालाताई मोबाइलातला फोटो धरून उभ्या. फोटोत केशरबाईंच्या पाठीमागचं दिसत नव्हतं.

"इथं काय होतं गं?"

"तडा. वाकडा. मधी मुंग्यांची माती."

समदे बघून राह्यले होते अन् मी बोलत होते!

दोन तास लागले. मंग सायलेन्स. रोलिंग. अ‍ॅक्शन. केशरबाई त्या तड्यावर हात ठेवून रडल्या. आवाज न्हाई, नुसते खांदे. कॅमेरावाल्यानं बाहीनं डोळे पुसले. कल्याण सर कट म्हनायचंच विसरले.

एकाच टेकमधी ओके.

८ फेब्रुवारी, शनिवार

जीपा सुरू झाल्या. मी दाराआडूनच बघत होते. आईच कल्याण सरांच्या खिडकीपाशी गेली. "आमची पायल बोलत न्हाई, पन तिला समदं दिसतं. कामाला नेता का तिला?"

सोमवारी मी बीडला, शूटिंगवर. नवीन शब्द — कॉल टाइम. सकाळी सहाला हजर.