गॅलरीतली शेगडी

जयवंत भाऊजी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

आपल्या मैथिलीच्या रक्तात शिसं सापडलंय. वर्षभर पोरीचं पोट दुखत होतं आणि आम्ही तिला जंतांचं औषध पाजत होतो. बालवाडीतली पाठ असलेली गाणीसुद्धा आता तिला आठवत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "घरात शिशाचं काही काम चालतं का?" सुबोध मैथिलीच्या चपलेचा पट्टा लावत बसला. तुमचा धाकटा भाऊ ना तो! शेवटी मीच सांगितलं, की माझे दीर आमच्या दिंडोशीच्या घरात, गॅलरीत, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. डॉक्टर म्हणाले, त्याची धूळ लादीवर बसते, आणि मुलं तिथे खेळून तेच हात तोंडात घालतात.

घाटकोपरला तुम्ही भाड्याने घेतलेल्या दुकानाच्या मालकाने धुरामुळे तुम्हाला हाकललं, तेव्हा तुम्ही शिसं वितळवायची ती शेगडी आमच्याकडे आणलीत. मी कुरकुर केली तर हसलात. "जान्हवी, एवढ्याशा धुराने काय वाट लागतेय?" पण तेव्हापासून स्वतःच्या मुलांना तुम्ही एकदाही आमच्याकडे राहायला पाठवलं नाहीत. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

मी मैथिलीला घेऊन पार्ल्याला आईकडे आलेय. तुमची शेगडी त्या घरात असेपर्यंत मैथिली परत येणार नाही, हे सुबोधला सांगून निघालेय.

हे पत्र मात्र तुम्हाला पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही धावत याल, रडाल, माफी मागाल, आणि मग सगळं घर मला म्हणेल, "आता सोड ना गं."

मला सोडायचं नाहीये.

मैथिलीची आई,
जान्हवी