तांबडीचं पिल्लू

हिवाळी तळ, ३ एप्रिल

चि. गाल्बास, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

आपली तांबडी व्यायली. गेल्या वर्षी माजाच्या दिवसांत ही सांडणी दहा दिवस पळाली होती ना, त्याचा हा प्रसाद! पिल्लाचे पाय काटकुळे, दोन्ही वशिंडं बोटभर, बाप रानउंटच. तुझे दादा म्हणतात, जावई उंचापुरा मिळाला. तांबडी मात्र पिल्लाला जवळ घेईना. मग आपल्या रिवाजाप्रमाणे तिचं मन वळवायला दादांनी सारंगी धरली, मी तीन दिवस तिच्या मानेवर हात ठेवून गायले. चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने पाजलं. मीही रडले.

रानाचे राखणदार झालात, आता आमचं वाळवलेलं दही गोड लागेल का? तरी पाठवतेय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी दुलम वहिनी

अभयारण्य चौकी, १४ एप्रिल

ती. वहिनींस गाल्बाचा सा. न. वि. वि.

दही चौकीने एका दिवसात फस्त केलं. पण वहिनी, पिल्लाचं मला का कळवलंत? रानउंट थोडेच उरलेत. असं मिश्र पिल्लू मोठं झालं की त्यांच्यात शिरतं आणि जात बिघडते. ते हद्दीजवळ ठेवायचं नाही, उत्तरेला पाठवायचं, हे मीच तंबूतंबूत सांगत फिरलो. आता घरचंच झाकलं तर कुठल्या तोंडाने बोलू? वीस तारखेला ट्रक घेऊन येतो. दारातून हाकलू नका, एवढंच मागणं.

आपला गाल्बा

हिवाळी तळ, २ मे

चि. गाल्बास आशीर्वाद.

आलास, पिल्लू चढवलंस, चहा न घेता गेलास. दादा बोलले ते विसर, असं मी म्हणणार नाही. तांबडी ट्रकमागे धावली, मग पिल्लाच्या जागेवर नऊ दिवस उभी. ना चारा, ना पाणी. मागे जाईल म्हणून दादांनी तिला बांधून ठेवलं. मला बघवेना. शोधू दे, थकली की येईल, असं म्हणून मीच दोर सोडला. ती आली नाही. माग दक्षिणेला, तुझ्या रानाकडे गेलाय.

लोभ किती उरलाय, ते ती सापडल्यावर बघू.

दुलम

अभयारण्य चौकी, ११ मे

ती. वहिनींस सा. न.

सापडली. काल झऱ्यावर दुर्बिणीतून नऊ रानउंट दिसले. दहावीच्या नाकात वेसण होती. मी नावाने हाक मारली. कळप उधळला, ती थांबली, तिने वळून बघितलं, मग त्यांच्यामागे गेली.

पाळीव जनावर कळपात शिरलं तर वर कळवायचं असतं, आणि मग गोळीचा हुकूम येतो. मागे एकदा आला होता, तेव्हा बंदूक मीच चालवली होती.

अजून कळवलेलं नाही. दादांना घेऊन तुम्हीच या. माझ्या हाकेला ती थांबली, तुमच्या हाकेला येईल. आठवडाभर मी गप्प राहीन. त्यापुढे राहवणार नाही, वहिनी. मी मला ओळखतो.

आपलाच, तुम्ही म्हणाल तर,
गाल्बा