जेलरसाहेबांना वाचून दाखवायचं पत्र

नगरा, झाशी
३ जानेवारी

चि. सुबोध यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि जेलरसाहेबांना नमस्कार.

साहेबांचा नमस्कार आधीच उरकते, कारण तिथे कोणाला मराठी येत नाही म्हणून माझं मागचं पत्र अडकून पडलं आणि शेवटी त्यांनी तुलाच ते हिंदीत मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं, असं तुझी अरुंधती तुला भेटून आल्यावर म्हणाली. बरं झालं. न वाचता सह्या ठोकायच्या सवयीनं तर तिथे पोचलास. आता निदान बायको-बहिणीचं तरी नीट वाचशील. (हेही वाच. गाळू नकोस.) गुडघा कसा आहे? थंडीत घोंगडी दुहेरी करून बस. देविकाला भेटीला आणायचं नाही, हा तुझा हुकूम आम्ही पाळतो आहोत, आणि त्याबद्दल या पत्रात चकार शब्द काढणार नाही असं मी तुझ्या बायकोला वचन दिलं आहे. तेव्हा फक्त तुझ्या लेकीच्या सुट्टीची हकीकत सांगते.

नाताळच्या सुट्टीत चर्चच्या सरलादीदी घरी आल्या. ज्यांच्या घरचं कोणी तुरुंगात आहे अशा मुलांना त्या थोडे दिवस बरुआसागरला नेतात, तलावाजवळच्या मिशनच्या आवारात. अरुंधतीला रजा नव्हती. पोर गळ्यात क्रूस घालून परत आली तर भावाला काय तोंड दाखवू, म्हणून सोबत मीच निघाले. बरोबर मेतकूट, चकल्या, पिण्याच्या पाण्याची कळशी आणि (हसू नकोस) गणपतीची तसबीर. टेम्पोवाला म्हणाला, "अम्मा, घर बदल रईं का?"

पहिल्याच जेवणाला दीदींनी डोळे मिटून प्रार्थना केली. मी देविकाला कोपर मारलं. तिनं उभं राहून आपला जेवणाआधीचा श्लोक खणखणीत म्हटला. (जी पोरगी घरी मीठसुद्धा मराठीत मागत नाही!) दीदी रागावतील म्हणून मी पदर खोचून तयार, तर त्या म्हणाल्या, "कितना अच्छा है, सबको सिखाओ बेटा." दोन दिवसांत गरौठ्याची, मऊरानीपूरची सगळी पोरं प्रार्थना आणि श्लोक दोन्ही म्हणून मगच पुरीला हात लावायला लागली. कोणी कोणाला बाटवलं, हे मला अजून समजलेलं नाही. नाताळच्या केकात अंडं होतं. ते कळलं तेव्हा दुसरा तुकडा तोंडात होता, आणि अन्न टाकू नये.

आता खरी फजिती. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी आपण तुला नागपूरला ट्रेनिंगला धाडलं आहे, हे तुला ठाऊकच आहे. (एवढं लांबलचक ट्रेनिंग घेऊन माणूस होतो तरी कोण, असं समोरचे सुभाषचंद्रकाका विचारतात. मी म्हणते, साहेब.) पहिल्या संध्याकाळी शेकोटीपाशी प्रत्येक मुलानं आपलं नाव आणि आत कोण आहे ते सांगायचं होतं. देविकाची पाळी आली आणि सवयीनं माझ्याच तोंडून निघून गेलं, "इसके पापा तो नागपुर में हैं, ट्रेनिंग पे." देविका माझ्याकडे वळून म्हणाली, "बुआ झूठ बोल रही हैं. हमारे पापा झाँसी जेल में हैं."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. आणि सुबोध, काहीच झालं नाही रे. कोणी चमकलं नाही की कुजबुजलं नाही. गुरसरायची ऐश्वर्या नावाची एक मुलगी म्हणाली, "हमाए बब्बा सोई उतईं हैं," म्हणजे तिचे आजोबाही तिथेच, आणि सरकून तिनं देविकाला शेजारी जागा दिली. त्या संध्याकाळी आपली पोर पोट धरून हसली. तू गेल्यापासून असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि तेव्हा मी कांदे चिरत नव्हते.

पुढचे दिवस मुलं भेटींच्या गोष्टी सांगायची. कोणाचे बाबा जाळीतून बोट धरतात, कोणाचे पाढे विचारतात. त्या वेळी देविका गप्प बसायची. (वचन आहे. पुढे लिहीत नाही.)

असो. पोर गेली तशीच, तब्येतीनं आणि धर्मानं शाबूत परत आली आहे. काळजी नसावी.

तुझी,
अनुसूयाताई

ता. क. गणपतीची तसबीर तिथेच राहिली. दीदींनी जपून ठेवली आहे. पुढच्या नाताळात पुऱ्या लाटायला जाईन तेव्हा आणीन. (त्यांनी बोलावलेलं नाही. मीच सांगून आले आहे.)

ता. क. दुसरा. वचन मोडते. शनिवारी देविकाला मी भेटीला आणते आहे. मागे तिला आणलं होतं तेव्हासारखा आत बसून राहू नकोस, बाहेर ये. बाप तुरुंगात आहे याची त्या पोरीला लाज वाटत नाही. तिला सांगायला एकही भेट नाही, याचं तिला वाईट वाटतं. हा मजकूर तू साहेबांसमोर गिळशील हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून खालच्या ओळी देविकानं स्वतः लिहिल्या आहेत, हिंदीत, मोठ्या अक्षरात.

जेलर साहब, नमस्ते. ऊपर वाली बात पापा आपको नहीं सुनाएँगे. हम शनिवार को आ रहे हैं. आप उन्हें भेज दीजिएगा. हम रोएँगे नहीं. बुआ का कुछ कह नहीं सकते.
देविका